सहा सेंटिमीटरचं अंतर: गोळा, गोफण आणि मोबाइलमधला स्लो-मो

१८ सप्टेंबर २०२५ ला टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नीरज चोप्राचा भाला ८४.०३ मीटरवर थांबला आणि तो आठवा आला. चार महिन्यांपूर्वी दोह्यात याच माणसाने ९०.२३ मीटर फेकला होता. पाठीचा त्रास होता हे त्याने नंतर सांगितलं, पण तोवर रीलवाल्यांनी निकाल देऊन टाकला होता. फ्रेम थांबवायची, त्यावर लाल रेघ मारायची, कोन लिहायचा आणि वर ठोकायचं की फिजिक्सप्रमाणे ४५ अंशात फेकला असता तर पदक नक्की होतं.

मी हे एरवी स्क्रोल करून पुढे गेलो असतो. पण माझा भाचा नववीत आहे, इथे पनवेलला शाळेकडून गोळा फेकतो, आणि त्याने ते रील मनावर घेतलं. आठवडाभर तो पाच किलोचा गोळा आकाशाकडे बघत फेकत होता. अंतर वाढायच्या ऐवजी जवळपास अर्ध्या मीटरने घसरलं. सर ओरडले. घरी येऊन मला म्हणतो, "मामा, पुस्तकात पण ४५ च दिलंय. मग सर चूक की पुस्तक?"

पुस्तक बरोबर आहे. सरही बरोबर आहेत. गडबड मधे कुठे आहे ते या लेखात बघू. त्यासाठी भाल्याऐवजी गोळाफेकीतली एक मराठी केस घेऊ, कारण गोळ्याला हवा फारशी जाणवत नाही आणि गणित स्वच्छ राहतं.

पॅरिस, ४ सप्टेंबर २०२४

सचिन खिलारी. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं करगणी हे त्याचं गाव. मेकॅनिकल इंजिनिअर, शिवाय स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवणारा. शाळेत असताना झालेल्या अपघातामुळे डाव्या हाताला कायमची इजा झाली. पॅरा स्पर्धांमध्ये तो एफ-४६ गटात खेळतो. हाताला अपंगत्व असलेले, उभं राहून फेकणारे खेळाडू या गटात येतात आणि पुरुषांचा गोळा ६ किलोचा असतो. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं तो जगज्जेता होता. नंतर अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने गोळा टाकला १६.३२ मीटर, आशियाई विक्रम. सुवर्ण गेलं कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, १६.३८. कांस्य क्रोएशियाच्या लुका बाकोविचला, १६.२७. म्हणजे सोनं आणि रुपं यात सहा सेंटिमीटर, आणि पहिला ते तिसरा सगळे मिळून अकरा सेंटिमीटरच्या आत. तुमच्या फोनची रुंदी असते सात-साडेसात सेंटिमीटर. सोनं आणि रुपं यातला फरक एका फोनच्या रुंदीएवढ्या जागेतही मावतो.

आता खरा प्रश्न. हे सहा सेंटिमीटर कशाने आले असते?

गोळा हातातून सुटला की त्यावर खेळाडूचा काहीही ताबा उरत नाही. तो पुढे कुठे पडणार हे सुटतानाच्या तीनच गोष्टी ठरवतात: वेग, कोन आणि सुटण्याची उंची. यालाच पुस्तकात प्रक्षेप्य गती म्हणतात. पुढे जाण्याचा वेग तसाच राहतो, वर जाण्याचा वेग गुरुत्वाकर्षण खातं, आणि दोन्ही मिळून ती कमान तयार होते.

मी लॅपटॉपवर गणित मांडलं. सचिनचा नेमका कोन माझ्याकडे नाही, म्हणून चांगल्या गोळाफेकपटूंचा असतो तसा ३७ अंश धरला आणि सुटण्याची उंची २.१ मीटर धरली. १६.३२ मीटरसाठी वेग येतो सेकंदाला सुमारे ११.९ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास. पनवेलच्या उड्डाणपुलावरून स्कूटर साधारण याच वेगाने जाते. आता १६.३८ साठी किती लागेल? सेकंदाला फक्त अडीच सेंटिमीटर जास्त. ताशी ०.१ किलोमीटरपेक्षाही कमी. टक्क्यात सांगायचं तर ०.२ टक्के.

ऊर्जेत बघितलं तर आणखी गंमत आहे. ६ किलोच्या गोळ्याला तो जादा वेग द्यायला १.८ ज्यूल पुरतात. साधारण १८० ग्रॅमचा मोबाइल जमिनीवरून उचलून एक मीटर वर, म्हणजे कमरेपर्यंत आणायला नेमकी तेवढीच ऊर्जा लागते. हे वाचण्याआधी टेबलावरून फोन उचललात ना? पॅरालिम्पिकचं सोनं आणि रुपं यात तेवढंच होतं.

हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी गणित चुकलं समजून तीनदा तपासलं.

आता उंची. याच गणितात सुटण्याची उंची १ सेंटिमीटरने वाढवली की अंतरही जवळपास १ सेंटिमीटरनेच वाढतं. म्हणजे हात सहा सेंटिमीटर वरून सुटला असता तरी हिशोब पूर्ण झाला असता. ग्रेग स्टुअर्टची उंची माहीत आहे? २.१८ मीटर. सात फूट दोन इंच! कोणत्याही दरवाजातून वाकून जाणारा माणूस. त्याच्या हातातून गोळा सुटतो तोच कितीतरी वरून. यात अन्याय काही नाही, बास्केटबॉलमध्येही उंचीचा फायदा असतोच. पण उंचीचा हा बोनस दुसऱ्या बाजूला असताना सचिनने फरक सहा सेंटिमीटरवर आणून ठेवला, याचा अर्थ त्याचा वेग किती जबरदस्त असणार हे लक्षात घ्या. "थोडक्यात हुकलं, नशीब" असं आपण म्हणून टाकतो. मला ते पटत नाही.

मग ४५ चं काय?

पुस्तकातलं ४५ अंश दोन अटींवर आहे. वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर पडली पाहिजे, आणि कोन कितीही ठेवला तरी वेग तोच राहिला पाहिजे. तोफेला हे जमेल. माणसाला नाही.

पहिली अट तर उघडच मोडते. गोळा खांद्याच्याही वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. त्यामुळे नुसत्या गणितानेच सगळ्यात चांगला कोन ४५ वरून खाली, ४१-४२ च्या आसपास येतो. गंमत म्हणजे ३७ अंशात सुटलेला आपला गोळा जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा कोन बरोबर ४५ च्या जवळ असतो. रीलवाल्यांना ४५ हवाच असेल तर तो तिकडे सापडेल.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. समोर ढकलायला आपल्याकडे पाय, कंबर, छाती, खांदा सगळं असतं. भिंत ढकलून बघा आणि मग हात वर करून छत ढकलल्यासारखं करून बघा. छताकडे ढकलताना छातीचे मोठे स्नायू बाजूला पडतात, खांद्यावर भार येतो, शिवाय गोळ्याचं स्वतःचं वजनही उलट खेचत असतं. म्हणून कोन वाढवला की वेग पडतो. किती पडतो ते प्रत्येक शरीराचं वेगळं, पण उदाहरणादाखल ३७ वरून ४५ वर जाताना वेग फक्त दोन टक्के पडला असं धरू. तर १६.३२ चे होतात १५.७८ मीटर. चोपन्न सेंटिमीटर गेले!

भाच्याचा अर्धा मीटर कुठे गेला ते कळलं असेल.

कारण अंतर साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग एक टक्का वाढला की अंतर दोन टक्क्यांच्या आसपास वाढतं. कोन मात्र तसा उदार आहे. सगळ्यात चांगल्या कोनाच्या जवळपास दोन-तीन अंश इकडे तिकडे झाले तर फार फरक पडत नाही. म्हणून चांगले फेकणारे वेग वाचवतात आणि कोनात थोडा तोटा सोसतात. गोळ्यात बहुतेक जण ३५ ते ३८ अंशाच्या आसपास, भाल्यात त्याहूनही थोडं खाली.

नीरजच्या टोकियोकडे परत जाऊ. ९०.२३ आणि ८४.०३ यातला फरक सुमारे सात टक्के. वेगात मोजला तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. भाला ताशी शंभरच्या वर सुटतो, म्हणजे ताशी चार किलोमीटरचा फरक. ज्याची पाठ दुखतेय आणि ज्याला पुढचा पाय गच्च रोवून सगळं शरीर त्याच्यावर थांबवायचंय, त्याचे ताशी चार किलोमीटर जाणं यात नवल काय? त्यासाठी लाल रेघ मारायची गरजच नव्हती. त्याच फायनलमध्ये आपला सचिन यादव ८६.२७ टाकून चौथा आला, कांस्यापासून ४० सेंटिमीटर लांब. त्याच्यावर मात्र मला फारसं काही दिसलं नाही.

वेग येतो कुठून? गोफण आठवा

माझं आजोळ सांगोल्याकडे, म्हणजे आटपाडीच्या शेजारचंच म्हणा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला माळ्यावर उभं राहायचं आणि गोफण फिरवायची. आम्ही मुलं शहरातून गेलेली, त्यामुळे आमचा गुंडा पाखरांकडे सोडून कुठेही जायचा. एकदा मामाच्या पाण्याच्या बॅरलवर गेला.

गोफण म्हणजे वर्तुळाकार गतीचं आख्खं प्रकरण एका दोरीत. एक मीटर त्रिज्या, सेकंदाला तीन फेरे, तर गुंड्याचा वेग होतो सेकंदाला जवळपास १९ मीटर, ताशी ६८ किलोमीटर. नुसत्या हाताने इतका वेग देणं सोपं नाही. गुंडा १०० ग्रॅमचा असला तरी दोरीवर ओढ येते साडेतीन किलोची. ही ओढ म्हणजे अभिकेंद्री बल, केंद्राकडे खेचणारं. वेग दुप्पट केला की ही ओढ चौपट होते, म्हणून जोरात फिरवताना गोफण हातातून निसटेल असं वाटतं.

आणि इथे बहुतेकांची एक चूक होते. दोरीचं एक टोक सोडलं की गुंडा केंद्रापासून "बाहेरच्या बाजूला" उडतो असं वाटतं. तसं होत नाही. सोडल्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सरळ जातो, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून. ओढ संपली, आता त्याला वळवणारं कुणी नाही. म्हणून पाखरू समोर असेल तर टोक सोडायचं ते गुंडा समोर आल्यावर नाही, त्याच्या पाव फेरा आधी. आम्ही गुंडा समोर येताना बघून सोडायचो आणि तो बाजूच्या बॅरलवर जायचा. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजोबांना न शिकता कळत होतं.

हातोडाफेक म्हणजे हीच गोफण, फक्त राक्षसी. पुरुषांचा हातोडा ७.२६ किलोचा, तारेसकट लांबी सव्वा मीटरच्या आत. हात आणि तार मिळून त्रिज्या १.८ मीटर धरली आणि ८० मीटरच्या फेकीसाठी लागणारा सेकंदाला २८ मीटर वेग धरला, तर खेळाडूच्या हातावर येणारी ओढ निघते सुमारे ३२० किलोची. एक बुलेट आणि तिच्यावर एक स्कूटर ठेवून दोन्ही मिळून तुम्हाला खेचतायत अशी कल्पना करा. म्हणून तो गडी मागे झुकून, टाचेवर फिरत, जवळजवळ बसलेला दिसतो. तो नुसता हातोडा फिरवत नसतो. तो आणि हातोडा एकमेकांभोवती फिरत असतात.

आता वेळेचं बघा. या वेगात हातोडा सेकंदाला सुमारे ८९० अंश फिरतो. आणि तो पडायला हवा ३४.९२ अंशांच्या पट्ट्यात, बाहेर पडला तर फाउल. (हा विचित्र आकडा का? वीस मीटरवर पट्ट्याची रुंदी बरोबर बारा मीटर येते, टेपने आखायला सोपं. कोणीतरी माझ्यासारखाच आळशी इंजिनिअर असणार.) भागाकार केला तर सोडण्यासाठी मिळणारी खिडकी येते ३९ मिलीसेकंदांची.

तुमच्या फोनवरच्या साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम असते ३३ मिलीसेकंदांची. म्हणजे बरोबर फेक आणि जाळीवर आदळलेला फाउल यांच्यामध्ये तुमच्या व्हिडिओत जेमतेम एक फ्रेम आहे.

गोळाफेकीतही आता बरेच जण स्वतःभोवती गिरकी घेऊन फेकतात. १९७६ मध्ये सोव्हिएत युनियनच्या अलेक्सांद्र बारिश्निकोवने या पद्धतीने २२ मीटरचा विश्वविक्रम केला आणि मग ती पसरत गेली. आजचा २३.५६ मीटरचा विक्रम करणारा अमेरिकेचा रायन क्राउझरही गिरकीवालाच. कारण साधं आहे. गोळाफेकीचं वर्तुळ फक्त २.१३५ मीटर रुंद असतं. सरळ सरकत आलात तर वेग जमवायला तेवढीच जागा. फिरत आलात तर त्याच जागेत गोळ्याचा रस्ता लांब होतो, आणि जोर लावायला जास्त अंतर मिळालं की वेग वाढतो.

या गिरकीत मोकळ्या हाताचं काम मोठं असतं. तो आधी लांब पसरवायचा आणि शेवटी झटकन शरीराजवळ ओढायचा, म्हणजे कंबर-खांद्याचं फिरणं वाढतं. फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरून जवळ घेतले की खुर्ची जोरात फिरते, तेच. एफ-४६ मधल्या खेळाडूकडे तो हात पूर्ण ताकदीचा नसतो, त्यामुळे हा तोल त्याला पाय आणि कमरेने सांभाळावा लागतो. आणि एफ-३४ सारख्या गटात तर चौकटीवर बसूनच फेकायचं असतं, गिरकी नाही, सरकणं नाही. पॅरिसच्या उद्घाटनाला भारताचा तिरंगा धरणाऱ्या दोघांपैकी एक, नांदेडची भाग्यश्री जाधव, याच गटात गोळा टाकते. बसून वेग कुठून आणायचा हा प्रश्न मला या सगळ्या खेळातला सगळ्यात अवघड वाटतो, आणि त्यावर एकही रील येत नाही.

तुमचा फोन काय बघू शकतो

आता माझ्या धंद्याची गोष्ट. भाच्याला पटवायला मी एका रविवारी सकाळी फोन आणि ट्रायपॉड घेऊन मैदानावर गेलो. सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मो लावला, बाजूने शूट केलं आणि घरी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून प्रत्येक फ्रेममध्ये गोळा कुठे आहे ते शोधलं. दिसायला भारी. ग्राफ वगैरे आला.

पण आकडे बघितल्यावर मी गप्प झालो. गोळा सेकंदाला १२ मीटरने जात असेल तर दोन फ्रेमच्या मधे तो ५ सेंटिमीटर सरकतो. उजेड कमी असला तर फोन फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि गोळ्याचा गोळा न राहता पुसट शेपूट दिसतं. त्याहून वाईट म्हणजे स्केल. मी मैदानावर एक मीटरची काठी धरून पिक्सेलचा हिशोब बांधला होता. पण कॅमेरा पाच मीटर लांब असताना गोळा त्या काठीपेक्षा फक्त दहा सेंटिमीटर पुढून गेला, तरी मापात दोन टक्के चूक येते. आणि दोन टक्के म्हणजे किती ते वर बघितलंच, अर्धा मीटर. पॅरिसमधला फरक ०.२ टक्क्यांचा होता. माझा सगळा सेटअप त्याच्या दहापट जाडा.

मग टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या, तिरक्या अँगलच्या, कुणीतरी क्रॉप करून टाकलेल्या क्लिपवर लाल रेघ मारून "कोन ३१ अंश होता" असं सांगणाऱ्याला काय म्हणायचं? कॅमेरा बरोबर बाजूला नसेल तर स्क्रीनवरचा कोन हा खरा कोन नसतोच. कॅमेरा जितका समोरून, तितका कोन जास्त दिसतो. "एआयने फेक तपासा" म्हणणारी अ‍ॅप आली आहेत, त्यांनाही हेच लागू. मॉडेल कितीही हुशार असलं तरी एका लेन्समधून खोली नीट कळत नाही.

फोन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पुढचा पाय हाताच्या आधी टेकतो का, कोपर खाली पडतं का, सोडताना डोकं बाजूला जातं का, हे स्लो-मोमध्ये लख्ख दिसतं आणि यातच वेग जातो. त्यासाठी फोन कमरेच्या उंचीवर, बरोबर बाजूला, जमेल तितका लांब ठेवा आणि झूम करा. लांबून झूम केल्याने ती स्केलची चूकही कमी होते. आकडे मात्र काढू नका. काढलेत तर स्टेटसला टाकू नका.

वारा, पाऊस आणि टेप

गोळा आणि हातोडा जड असल्याने हवेला फारशी दाद देत नाहीत. थाळी आणि भाला मात्र उडतात. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने भाला १०४.८० मीटर फेकला. मैदान पुरेना, शिवाय भाला आडवा पडायचा आणि टोक आधी टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, आता टोक लवकर खाली येतं. आजचा विक्रम यान झेलेझ्नीचा १९९६ मधला, ९८.४८. मराठीत सांगायचं तर सॉफ्टवेअर अपडेट करून फीचर काढून टाकलं.

थाळीचं प्रकरण सध्या गरम आहे. १९८६ चा ७४.०८ मीटरचा विक्रम ३८ वर्षं टिकला. एप्रिल २०२४ मध्ये लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रमोना गावी ७४.३५ फेकून तो मोडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथेच ७५.५६. रमोनाचं मैदान उघड्या माळावर, वाऱ्याचं. थाळीला समोरून येणारा वारा उचलतो, पतंगासारखा. धावण्यात आणि लांब उडीत मागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. फेकीला असा नियमच नाही. हाच अलेक्ना ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या बंदिस्त स्टेडियममध्ये ६९.९७ टाकून दुसरा आला, जमैकाच्या रोजे स्टोनाने ७०.०० टाकले. तीन सेंटिमीटर! माझं मत विचाराल तर विक्रम राहू द्या, पण बाजूला वाऱ्याचा आकडा छापा. सेन्सर स्वस्त आहेत, लपवण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे वाऱ्यापेक्षा पावसाचा प्रश्न मोठा. टोकियोत थाळीची फायनल पावसात झाली आणि जगातले सर्वोत्तम गडी वर्तुळात घसरताना सगळ्यांनी बघितले. पनवेलला जून ते सप्टेंबर हे रोजचं. ओल्या सिमेंटवर पाय धरत नाही, आणि पाय धरला नाही की जमिनीकडून उलटा जोर मिळत नाही, म्हणजे वेग गेला. भाचा पावसाळाभर टॉवेलने वर्तुळ पुसत असतो. ०.२ टक्क्यांच्या खेळात तो टॉवेल कुठल्याही अ‍ॅपपेक्षा मोलाचा आहे.

शेवटचा मुद्दा मोजण्याचा, आणि हा शाळेत खेळणाऱ्यांनी नीट वाचा. मोठ्या स्पर्धेत गोळा पडल्याच्या खुणेवर प्रिझम लावलेली काठी ठेवतात आणि सर्व्हेवाल्यांकडे असतं तसं यंत्र किरण पाठवून अंतर काढतं. सेंटिमीटरच्या खालचा भाग सोडून देतात, १६.३२९ आलं तरी १६.३२ च. शाळेच्या मैदानावर टेप असते. नियम असा की टेप खुणेपासून वर्तुळाच्या केंद्रापर्यंत सरळ न्यायची आणि वर्तुळाच्या आतल्या कडेला वाचायची. पण बऱ्याचदा दुसऱ्या टोकाचा मुलगा ती कडेवर कुठेही टेकवतो. दहा मीटरच्या फेकीत टेप केंद्राच्या रेषेपासून अर्धा मीटर बाजूला टेकवली तर १३-१४ सेंटिमीटर फुकट वाढतात. पॅरिसमध्ये पहिल्या आणि तिसऱ्यात अकरा होते.

हे भाच्याला सांगितलं आणि विसरून गेलो. डिसेंबरात त्यांची स्पर्धा झाली. तो पुन्हा सरांच्या कोनावर आला होता. त्याच्या सगळ्यात चांगल्या फेकीला टेप धरणाऱ्या मुलाने ती बाजूलाच टेकवली होती. भाचा पुढे गेला आणि पंचांना म्हणाला, "सर, टेप सेंटरमधून घ्या ना." त्यांनी परत मोजलं. अंतर नऊ सेंटिमीटरने कमी भरलं.

संध्याकाळी फोनवर मला म्हणाला, "मामा, तुझ्यामुळे नऊ सेंटिमीटर गेले." मग थोडं थांबून, "पण मग मी बाकीच्यांचं पण परत मोजायला लावलं."

तिसरा आला.